मैदानाच्या कडेला कोण उभे आहे?

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात आपल्या बोर्डिंगच्या क्रीडाशिक्षिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर. वाचकांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



गेल्या वर्षी याच मेळाव्यात, चहाच्या वेळी, एका ज्येष्ठ बंधूंनी मला बाजूला घेऊन विचारले, "बाई, तीन वर्षं आम्ही खेळासाठी वेगळी देणगी पाठवतोय. पदकं किती आली?" मी म्हणाले, "दोन." ते "हं" म्हणाले आणि बिस्किट घेऊन पुढे गेले. त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. ज्याने पोटाला चिमटा घेऊन पैसे दिले त्याला हिशेब विचारण्याचा हक्क आहे. पण त्या "हं"चे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करते.

दुसरे कारणही आहे. कार्यकारिणीपुढे एक प्रस्ताव आला आहे. बोर्डिंगमधून बारा चपळ मुलेमुली निवडायची, त्यांची वेगळी खोली, वेगळा खुराक, सकाळ-संध्याकाळ वेगळा सराव, आणि जिल्हा व विभागीय स्पर्धांसाठी त्यांना तयार करायचे. प्रस्ताव प्रेमापोटी आला आहे, हे मी जाणते. तरी मी त्याच्या विरुद्ध बोलणार आहे. आणि मला बोलण्याचा अधिकार एवढ्यासाठीच आहे की हीच गोष्ट लहान प्रमाणावर मी स्वतः करून पाहिली, आणि त्यात एक मूल गमावले.

ती मुलगी धडगावकडची, पावरा समाजाची. नाव सांगत नाही. पाचवीत बोर्डिंगला आली तेव्हा मराठी जेमतेम येत होती, पण मैदानात उतरली की बघत राहावे अशी धावायची. त्या वेळी मी आग्रह धरून सहा मुलांसाठी रोज एक अंडे आणि एक पेला दूध मंजूर करून घेतले होते. जी धावतील त्यांना. तालुक्याच्या स्पर्धेत ही पंधराशे मीटरमध्ये पहिली आली. नाताळच्या कार्यक्रमात तिचा सत्कार झाला, फोटो निघाला. हा अंक वाचणाऱ्यांपैकी काहींनी तो पाहिलाही असेल.

पुढच्या वर्षी जिल्ह्याला गेलो. तिथे ती मागे पडली, खूपच मागे. परतीच्या बसमध्ये ती माझ्या पुढच्या सीटवर बसली होती. दोन तासांचा रस्ता. मी रागावले नाही, एक वाकडा शब्द बोलले नाही. खरे म्हणजे काहीच बोलले नाही. खिडकीबाहेर पाहत राहिले. मला वाटले, ती थकली आहे, झोपू दे.

त्यानंतर तिचे पोट दुखू लागले. शिट्टी वाजली की पोट दुखे. दवाखान्यात दाखवले, काही निघाले नाही. दिवाळीच्या सुट्टीला घरी गेली ती परत आलीच नाही. आईवडील ऊसतोडीला गुजरातेत गेले होते, त्यांच्याबरोबर तीही गेली. ती केवळ खेळामुळे गेली असे मी म्हणणार नाही. घरात कर्ज होते, लहान भावंडे होती. पण जाण्याआधी ती मेट्रनबाईंना जे बोलून गेली ते मला बऱ्याच दिवसांनी कळले. ती म्हणाली होती, "मी धावले नाही तर मला इथे कशाला ठेवतील?"

बंधुभगिनींनो, आपण तिला देवाचे लेकरू म्हणून आणले होते. तिला कळले होते की आपण तिला पायांसाठी ठेवले आहे. हे तिला कोणी सांगितले? कोणीच नाही. अंड्याने सांगितले. फोटोने सांगितले. आणि बसमधल्या माझ्या दोन तासांच्या गप्प बसण्याने सांगितले.

त्यानंतर मी पुस्तके उघडली. बीपीएडला असताना क्रीडामानसशास्त्राचा एक पेपर होता. पास होण्यापुरता वाचला होता, तो आता पुन्हा वाचू लागले. हे शास्त्र तसे जुने आहे. १८९८ मध्ये अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट नावाच्या गृहस्थांनी पाहिले की सायकलस्वार एकटे असताना जेवढ्या वेगाने जातात त्यापेक्षा दुसरा सोबत असला की जास्त वेगाने जातात. मग त्यांनी मुलांना दोऱ्याचे रीळ गुंडाळायला लावून तेच तपासले. तेव्हापासून खेळाडूच्या मनाचा अभ्यास चालू आहे. पण त्यातला बराचसा भाग मोठ्या स्पर्धकांचा. मला जे हवे होते ते वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या दोन प्राध्यापकांच्या कामात सापडले.

त्यांनी १९७० च्या दशकात साधीच गोष्ट केली. अमेरिकेत लहान मुलांच्या बेसबॉलच्या लीग असतात, प्रशिक्षक बहुतेक हौशी, कोणाचे ना कोणाचे वडील. या दोघांनी मैदानाच्या कडेला माणसे बसवली आणि प्रशिक्षक काय काय करतो ते एका ठरलेल्या पद्धतीने टिपायला लावले. मुलाने चांगला फटका मारला, तेव्हा हा काय करतो? मुलाच्या हातून चेंडू सुटला, तेव्हा काय करतो? धीर देतो, कसे करायचे ते दाखवतो, ओरडतो, की तोंड फिरवतो? ५१ प्रशिक्षकांच्या हजारो कृती अशा नोंदल्या गेल्या. हंगाम संपल्यावर ५४० च्या वर मुलांना भेटून विचारले, तुला हा माणूस कसा वाटला, खेळ कसा वाटला, पुन्हा खेळशील का?

त्यातली एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. प्रशिक्षकांनाही विचारले होते की तुम्ही मुलांशी कसे वागता. त्यांची उत्तरे आणि टिपलेले वागणे यांचा फारसा मेळच बसेना. आपण कसे वागतो हे त्यांना माहीतच नव्हते. मुलांना मात्र बरेच बरोबर माहीत होते. शिक्षा करण्यापुरते तेवढे प्रशिक्षकांचे उत्तर थोडेफार जुळत होते. बाकी सारे प्रामाणिकपणे समजत होते की आपण मुलांना फार धीर देतो.

मीही तसेच समजत होते. म्हणून मी दहावीतल्या एका हुशार मुलीला वही दिली. पानावर चार रकाने आखले: शाबासकी, धीर, शिकवणे, ओरडणे. तिला झाडाखाली बसवले आणि तासभर खोखो घेतला. शाबासकीच्या रकान्यात चार रेघा होत्या. ओरडण्याचा रकाना भरून पान उलटले होते. आणि त्या पोरीने स्वतःच्या मनाने एक पाचवा रकाना आखला होता. त्यात लिहिले होते, "बाई बघत नव्हत्या". त्यातही बऱ्याच रेघा होत्या.

स्मिथ आणि स्मॉल यांनी पुढे प्रशिक्षकांसाठी एक छोटे शिबिर तयार केले. सुमारे अडीच तासांचे. त्यात चेंडूची तंत्रे नव्हती. चांगले केले तर लगेच सांगा, धडपड केली तरी सांगा. चुकले तर आधी धीर द्या, मग कसे करायचे ते दाखवा. अपमान करू नका. स्वतःचे वागणे स्वतः टिपा. बस्स. १९९२ मध्ये या शिबिराबद्दल एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शिबिर केलेल्या प्रशिक्षकांकडची मुले आणि न केलेल्यांकडची मुले पुढच्या हंगामात परत आली का, ते त्यात पाहिले. न केलेल्यांकडची २६ टक्के मुले खेळ सोडून गेली. शिबिर केलेल्यांकडची ५ टक्के. दोन्हीकडचे सामने जिंकण्याचे प्रमाण मात्र सारखेच होते. म्हणजे ओरडून जास्त जिंकले असेही नाही आणि गोड बोलून हरले असेही नाही.

आणि चांगल्या वागणुकीचा फायदा सर्वांत जास्त कोणाला होतो, हेही त्यांना दिसले. ज्या मुलांना स्वतःविषयी कमीपणा वाटतो त्यांना. आपल्या बोर्डिंगमध्ये अशी मुले किती, हे मी तुम्हांला सांगायला नको.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. ती मुले अमेरिकेची, गाडीत बसून मैदानावर येणारी. तिथे मुलाला नको वाटले तर ते पुढच्या हंगामात नावच नोंदवत नाही, म्हणून मोजता येते. आपली मुले कुठे जाणार? शिट्टी वाजली की रांगेत उभी राहतातच. खेळ सोडलेले मूल आपल्याकडे हजेरीत दिसत नाही. ते मेट्रनबाईंच्या दारात दिसते, पोट धरून उभे असलेले. म्हणून माझी बोर्डिंगवाल्यांना विनंती असते की पोटदुखीची वही नीट ठेवा. दवाखान्यात काही निघाले नाही तर ती वही मला दाखवा.

आता पदकाच्या प्रश्नाकडे येते. त्याच बेसबॉलच्या मुलांना विचारले असता असे दिसले की संघ किती सामने जिंकला यावर त्यांना प्रशिक्षक किती आवडतो हे ठरत नव्हते. पण जिंकणाऱ्या संघातल्या मुलांना एक गोष्ट वाटत होती: आमच्या आईवडिलांना आमचे प्रशिक्षक जास्त आवडतात, आणि प्रशिक्षकांनाही आम्ही जास्त आवडतो. मुलांना स्वतःला जिंकण्याचे तितके पडलेले नव्हते. मोठ्यांना पडलेले आहे, हे मात्र त्यांनी ओळखले होते. माझी मुलगीही हेच ओळखून गेली. तिचे आईवडील तर स्पर्धेला कधी आलेच नाहीत. तिच्यासाठी ते मोठे लोक म्हणजे मी, आणि माफ करा, तुम्ही.

"मग बक्षीसही द्यायचे नाही का?" असे समोर कोणाच्या तरी मनात आले असेल. १९७३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी एक प्रयोग केला. चित्र काढायची मनापासून आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, चित्र काढलेस तर सोनेरी चांदणी आणि लाल फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेन मोकळे ठेवले आणि कोण किती वेळ चित्र काढते ते पाहिले. आधी कबूल करून बक्षीस दिलेल्या मुलांनी इतरांच्या मानाने जवळजवळ निम्माच वेळ काढला. न सांगता दिले त्यांची आवड कमी झाली नव्हती.

बक्षीस वाईट असे यातून निघत नाही. जे मूल आपण होऊन करत होते त्याला आधी मोल ठरवून दिले की ते मोलासाठी करू लागते, आणि मोल संपले की काम संपते. सातपुड्यातले मूल शाळेत येण्याआधी डोंगर चढलेले असते, शेळ्यांमागे धावलेले असते, नदीत पोहलेले असते, विटीदांडू खेळलेले असते. आवड घेऊनच ते आपल्याकडे येते. त्या आवडीवर मी अंड्याची किंमत चिकटवली.

आणि त्यातही अंडे हे बक्षीस म्हणून द्यायची वस्तूच नाही, हे मला तेव्हा सुचले नाही याची आजही लाज वाटते. वाढत्या वयातल्या मुलाच्या ताटात ते असलेच पाहिजे, ते धावो न धावो.

आणखी एका वाक्याबद्दल मला बोलायचे आहे. आपण ते कौतुकाने बोलतो. "आदिवासी मुलं आहेत, धावणं त्यांच्या रक्तातच." मंडळ्यांत हिंडताना मी हे फार ऐकते, आणि उदाहरण कविता राऊतचे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची ही मुलगी. २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळवले, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. अभिमान वाटतोच. पण तिला "सावरपाडा एक्स्प्रेस" म्हणताना आपण हे विसरतो की नाशिकमध्ये विजेंदर सिंग यांच्यासारख्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तिने वर्षानुवर्षे सराव केला. रक्त तर पाड्यावर सगळ्यांचेच तेच होते.

१९९९ मध्ये अमेरिकेत जेफ स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोऱ्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना गोल्फसारखा एक छोटा खेळ खेळायला दिला. खेळ सर्वांना एकच. पण काहींना सांगितले, यातून खेळाला लागणारी बुद्धी कळते. काहींना सांगितले, यातून निसर्गदत्त शारीरिक क्षमता कळते. "बुद्धी" म्हटले तेव्हा कृष्णवर्णीय मुलांचा खेळ खालावला. "निसर्गदत्त क्षमता" म्हटले तेव्हा गोऱ्यांचा खालावला. हातात तीच काठी आणि समोर तोच चेंडू. लोक आपल्याविषयी काय समजतात याचे ओझे तेवढे मनावर आले.

आमच्या मुलांना रोज सांगा, तुम्ही धावण्यात पुढे असता. न सांगितलेला अर्धा भाग ते ऐकतातच: गणितात नसता. आणि जो पावरा किंवा भिल मुलगा जाडजूड आहे, ज्याला धावता येत नाही, त्याचे काय? तो तर आदिवासी म्हणूनही नापास झाला. असा एक मुलगा आमच्याकडे आहे. तो बुद्धिबळात मला हरवतो, आणि हरवल्यावर पटाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघतो.

आता आपल्या घरातली गोष्ट. एरिक लिडेल हे नाव इथे कोणाला माहीत नाही? १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक शर्यत रविवारी होती म्हणून ते धावले नाहीत, आणि पुढे चारशे मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. संडे स्कूलमध्ये आपण सर्वांनी ही गोष्ट ऐकली आहे, "चॅरियट्स ऑफ फायर" पाहिला आहे. (त्यातले धावण्याविषयीचे त्यांच्या तोंडचे जे वाक्य आपण उपदेशात नेहमी ऐकतो ते चित्रपटाच्या लेखकाचे आहे, लिडेल यांचे नव्हे. पाळकसाहेब हसताहेत.) पण त्यांच्या शेवटच्या दिवसांची गोष्ट कमी सांगितली जाते. मिशनरी आईवडिलांच्या पोटी चीनमध्ये जन्मलेले लिडेल मिशनरी होऊन चीनलाच परतले, आणि युद्धात जपान्यांनी त्यांना वेइशियेनच्या छावणीत ठेवले. त्या छावणीत आईवडिलांपासून तुटलेली पुष्कळ शाळकरी मुले होती. म्हणजे एक प्रकारचे बोर्डिंगच. लिडेल त्यांना विज्ञान शिकवत, त्यांचे खेळ घेत. मुले त्यांना "अंकल एरिक" म्हणत. रविवारी मात्र ते खेळ घेत नसत. एकदा मुलांनी आपणच रविवारी हॉकीचा सामना केला, पंच नव्हता, मारामारी झाली. तेव्हा लिडेल रविवारी शिट्टी घेऊन मैदानावर उभे राहिले.

सुवर्णपदकासाठी रविवार न सोडणारा माणूस दहा-बारा भांडखोर मुलांसाठी सोडतो. १९४५ च्या फेब्रुवारीत, सुटका व्हायच्या काही महिने आधी, ते तिथेच वारले. मी पॅरिसच्या लिडेलची गोष्ट वीस वर्षे मुलांना सांगितली. आता छावणीतल्या लिडेलची सांगते, आणि मुलांपेक्षा ती मलाच जास्त लागते.

पौलाने करिंथकरांना लिहिताना शर्यतीचा दाखला दिला आहे. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत, त्यामुळे ऐकणाऱ्यांना तो लगेच कळला असणार. क्रीडादिनाच्या उपासनेत आपण बक्षीस एकालाच मिळते एवढ्यावर थांबतो. पौल पुढे जाऊन तो मुगुट कोमेजणारा आहे हेही सांगतो. तिथे मुगुट खरोखरच पाल्याचा असे, पाइनच्या डहाळीचा किंवा रानटी सेलरीचा.

असो. आम्ही बोर्डिंगमध्ये काय बदलले ते थोडक्यात सांगते. पहिले म्हणजे शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावणे बंद. उशीर झाला, पाच फेऱ्या. गृहपाठ नाही, दहा फेऱ्या, असे चालत होते. मीच चालवत होते. ज्या गोष्टीची आवड लागावी म्हणून आपण देणग्या मागतो तीच शिक्षा म्हणून द्यायची, हे कसे चालेल? उपासनेला उशिरा आलेल्याला आपण शिक्षा म्हणून दहा गीते म्हणायला लावत नाही. दुसरे, आठवड्यातले तीन दिवस खेळ मुले ठरवतात. लंगडी, आट्यापाट्या, विटीदांडू, क्रिकेट, कधी कधी नुसतेच झाडावर चढणे. तिसरे, मैदानावर मराठीच बोलायचे हा नियम काढला. वर्गात मराठी हवीच. पण आनंदाने ओरडताना माणूस आईच्या भाषेत ओरडतो. मावची आणि पावरी मुले एकमेकांच्या भाषेतले चिडवायचे शब्द शिकली, हा त्यातला तोटा. चौथे, अंडे सर्वांना, आठवड्यातून जितके दिवस परवडेल तितके दिवस. अभ्यासक म्हणतात की माणूस आपणहून हालचाल करत राहण्याला तीन गोष्टी लागतात: थोडी स्वतःची निवड, आपल्याला जमते ही जाणीव, आणि आपली माणसे. डेसी आणि रायन यांचा हा सिद्धान्त. आमच्या मैदानाला लागू पडतो एवढेच म्हणते.

हे सारे गोड झाले असे मी सांगणार नाही. फेऱ्या बंद केल्यावर पहिले दोन महिने शिस्त बिघडली. मुले उशिरा येऊ लागली, मोठी मुले लहानांची पाळी खाऊ लागली. आमचे सुपरिटेंडेंट मला म्हणाले, "बाई, तुमचं पुस्तक अमेरिकेचं आहे, पोरं आपली आहेत." शेवटी उपाय सापडला तो असा की उशिरा येणाऱ्यासाठी थांबायचेच नाही. पाच वाजता डाव सुरू. जो आला तो खेळला, जो नाही आला तो पुढच्या डावापर्यंत कडेला बसला. खेळायला मिळणे हेच मोलाचे झाल्यावर न मिळणे पुरेसे झाले. पाळी खाण्याचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही.

स्पर्धांना आम्ही जातो. ज्याला जायचे आहे तो जातो. हरून परत येताना बसमध्ये मी हरलेल्या मुलाशेजारी बसते. काय बोलायचे ते नेहमी सुचतेच असे नाही. शेंगदाणे खातो.

म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती. बारा मुलांच्या वेगळ्या खोलीचा प्रस्ताव कृपा करून मागे घ्यावा. तेच पैसे तीन ठिकाणी जावेत. सर्व मुलांच्या अंड्यासाठी. सर्वांच्या बुटांसाठी. आणि आपल्या सर्व बोर्डिंगच्या सुपरिटेंडेंट, मेट्रन आणि खेळ घेणाऱ्यांच्या एका दिवसाच्या शिबिरासाठी, ज्यात त्यांना वही आणि चार रकाने दिले जातील. पाचवा रकाना त्यांचा कोणी विद्यार्थी आखेल. एखादे मूल खरोखरच कविता राऊतसारखे निघाले, तर त्याला नाशिकला किंवा पुण्याला चांगल्या प्रशिक्षकाकडे कसे पाठवायचे, ते त्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना विचारून ठरवू. त्यासाठी इतर मुलांच्या नजरेसमोर वेगळे ताट वाढायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे चांगली हालचाल हवी. ती सर्वांनाच हवी. बारांना नव्हे.

आणि त्या ज्येष्ठ बंधूंना, ते आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत, माझे उत्तर. बंधू, यंदा पदक एकही नाही. पण त्या मुलीची धाकटी बहीण या जूनमध्ये पाचवीत आली. आईने स्वतः आणून सोडली. बोर्डिंगविषयी घरात कडूपणा असता तर ती आली नसती, असे मी माझ्या मनाचे समाधान करून घेते. ही धाकटी काही धावत नाही. खोखोत खांब सोडून भलतीकडेच पळते आणि स्वतःच हसत बसते. पहिल्या आठवड्यात तिने मला विचारले, "बाई, दीदीसारखं धावावं लागतं का इथे?" मी नाही म्हटले. तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले. तिसऱ्या दिवशी विचारले नाही.

मोठीही ऊसतोडीहून पावसाळ्यात गावी परतली आहे असे कळले. मेट्रनबाई आणि मी पुढच्या महिन्यात तिच्या पाड्यावर जाणार आहोत. वर्ष वाया गेले तरी आठवीत पुन्हा बसवता येईल, मुख्याध्यापकांशी बोलून ठेवले आहे. प्रार्थनेत आठवण ठेवा.

आपण जानेवारीत बोर्डिंगला भेट द्यायला येणार आहात. त्या वेळी मुले रांगेत उभी राहून स्वागतगीत म्हणतील, त्याला माझा इलाज नाही. पण पाच वाजता मैदानावर जरूर या आणि लंगडीत एक डाव खेळा. येताना ढाली आणि करंडक आणू नका. बूट आणायचे असतील तर आधी मेट्रनबाईंकडून मापे मागवून घ्या. गेल्या वेळी एकाच मापाचे दोन डझन आले होते, आणि ते फक्त स्वयंपाकघरातल्या मावशींना बसले.